गल्ल्यातला पैसा कुणाचा?

मी दुकानांचे हिशेब लिहितो. लातूर, औसा, निलंगा, उदगीर या पट्ट्यातल्या किराणा, कापड, हार्डवेअर आणि कृषी सेवा केंद्रांच्या वह्या माझ्या हाताखालून जातात. त्यांतली काही दुकानं बंद पडतानाही मी जवळून पाहिली. गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलेली त्यांत थोडीच. बाकीच्यांकडे गिऱ्हाईक होतं, माल खपत होता, वहीत नफाही दिसत होता. ठोक व्यापाऱ्याला पैसे द्यायच्या दिवशी मात्र हातात पैसा नव्हता. नवा धंदा काढणाऱ्या तरुणांनी हे नीट समजून घ्यावं, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या एका मित्रानं शहरातली नोकरी सोडून २०२३ च्या दिवाळीआधी गावात किराणा दुकान टाकलं. मेन रोडला गाळा, काचेची दारं, बारकोडची बिलं. सोयाबीन नुकतंच विकलेलं, लोकांच्या हातात पैसा होता. पहिल्या दोन महिन्यांची विक्री पाहून त्यानं सगळ्या वर्षाचा अंदाज बांधला. रोज संध्याकाळी भरलेला गल्ला त्याला आपली कमाई वाटू लागला. त्यातूनच फर्निचरचे राहिलेले पैसे गेले, टेम्पोचं डाउन पेमेंट गेलं.

जूनमध्ये पेरणी आली. शेतकऱ्याचा होता नव्हता तो पैसा बियाण्यात आणि खतात गेला, त्याच महिन्यात शाळा सुरू झाल्या, आणि किराणा खात्यावर लिहिला जाऊ लागला. सगळी माणसं ओळखीची, निम्मी नात्यातली. ‘सोयाबीन निघालं की देतो’ हा प्रत्येकाचा शब्द, आणि तो खोटा नव्हता. पण ठोक व्यापारी पंधरा-एकवीस दिवसांत पैसे मागत होता आणि गिऱ्हाईक चार महिन्यांनी देणार होतं. मधला सगळा भार मित्राच्या भांडवलावर होता, आणि ते भांडवल टेम्पोत आणि फर्निचरमध्ये अडकलं होतं.

२०२४ ची सुगी आली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात मात्र भाव बराच काळ त्याच्या खाली राहिले. शेतकऱ्यानं आधी मजुरांचे पैसे दिले, मग कृषी केंद्राचे, मग बँकेचे. किराण्याचा नंबर शेवटी लागला. व्यापाऱ्यांनी माल थांबवला, फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. रोखीचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. ज्यांच्याकडे बाकी होती तेही तोंड चुकवून पलीकडच्या दुकानात रोख पैसे देऊन सामान घेऊ लागले. उधारीत पैसा तर अडकतोच, पुढे माणूसही तुटतो. २०२५ च्या उन्हाळ्यात शटर खाली आलं तेव्हाही वहीत येणं दिसत होतंच.

त्याच रस्त्यावर एका अप्पांचं जुनं दुकान आहे. दुष्काळ, नोटाबंदी, टाळेबंदी, सगळ्यातून ते टिकलं. अप्पा म्हणतात, ‘माल गेला म्हणजे धंदा झाला असं नाही बाबा. पैसा परत आला की मग झाला.’ अशा जुन्या दुकानदारांच्या वह्यांतून मी जे शिकलो ते असं.

गल्ल्याचे वाटे रोज करा

गल्ल्यातल्या हजार रुपयांत बहुतेक रक्कम पुढच्या मालाची असते. उरलेल्यातून भाडं, वीज, पोऱ्याचा पगार. शेवटी जे राहतं ते आपलं. अप्पा दुकान वाढवताना हे वाटे वेगळे करतात. घरखर्चाला महिन्याची रक्कम ठरलेली. घरी नेलेली साखर नि तेलाची पिशवीसुद्धा घराच्या नावे लिहिली जाते. यूपीआयमुळे पैसा थेट खात्यात येतो, तेव्हा दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवाच. दोन्ही एक झाली की आपण मुद्दल खातोय की नफा, ते कळायला वर्ष जातं.

उधारी मोजून द्या

‘उधारीचं पोतं सव्वा हात रितं’ ही म्हण हिशेबाला तंतोतंत उतरते. समजा, शंभराच्या विक्रीत आठ रुपये सुटतात. हजार रुपयांची उधारी बुडाली तर तुमचे खरेदीचे ९२० रुपये गेले. ते भरून काढायला आणखी ११,५०० रुपयांचा माल विकावा लागतो, तोही सगळा रोखीनं. त्यानंतर तुम्ही नुसते बरोबरीला येता.

खेड्याशी जोडलेल्या गावात उधारी अजिबात न देता दुकान चालवणं कठीण आहे, हे मी मानतो. म्हणून मर्यादा घालायची. पगारदाराला पगाराच्या तारखेपर्यंत, शेतकऱ्याला त्याचं पीक आणि आधीची बाकी पाहून. जुनी बाकी काही तरी कमी झाल्याशिवाय नवं लिहायचं नाही. नाही म्हणणं जड जात असेल तर ‘निम्मे आज द्या’ म्हणा. संबंधही राहतो आणि पैसाही हलता राहतो. मोठ्या बाकीवर तारखेसह सही घ्या. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी मिळालेल्या लेखी, सही केलेल्या कबुलीनं ती नव्यानं सुरू होते. कोर्टात जायची वेळ क्वचितच येते, पण सही केलेला माणूस बाकी विसरत नाही.

माल किती फिरतो ते पाहा

नवा दुकानदार कोणत्या मालावर किती टक्के सुटतात ते विचारतो. अप्पा तो किती दिवसांत खपतो ते विचारतात. लाखाचा माल दर महिन्याला संपून नवा भरला आणि प्रत्येक फेरीत सहा टक्के सुटले, तर वर्षाला बहात्तर हजार झाले. पंचवीस टक्क्यांचा माल आठ महिने पडून राहिला तर वर्षाचा हिशेब साडेसदतीस हजारांवर थांबतो, आणि एक्सपायरीची भीती वेगळी. महिनाअखेरीला सेल्समन दहा पेट्यांवर एक फुकट देतो, कारण त्याला टार्गेट गाठायचं असतं. दहा पेट्या आपल्याकडे किती दिवसांत जातात ते आधी पाहा.

एक पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय वाढवू नका

आमच्याकडे पैसा दसरा-दिवाळीला येतो आणि आषाढ-श्रावणात आटतो. उसाच्या भागात तो कारखान्याच्या बिलाबरोबर येतो. तुमच्या गावाचा पैसा कुठल्या महिन्यात येतो ते आधी शोधा. दिवाळीच्या कमाईतून पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि माल बाजूला ठेवा. कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो, म्हणून तो सगळ्यात वाईट महिन्याच्या विक्रीत बसतो का ते तपासा. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत, तर किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. मिळेल तितकं घ्यायचं, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

कराचंही आधीच मांडा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीची कंपोझिशन योजना घेता येते आणि एक टक्का कर भरावा लागतो. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. आठ टक्के सुटणाऱ्या धंद्यात तो एक टक्काही नफ्याचा आठवा हिस्सा आहे.

शक्य असेल तर दुकान टाकण्याआधी एखाद्या जुन्या दुकानात एक पावसाळा काम करा. ते जमत नसेल तर निदान कागद-पेन घेऊन बसा. कुणाला, किती, कोणत्या तारखेला द्यायचे ते एका बाजूला लिहा. कुणाकडून, किती, कोणत्या तारखेला येणार ते दुसऱ्या बाजूला लिहा. येण्याच्या तारखा देण्याच्या तारखांनंतर पडत असतील, तर तेवढे दिवस पुरेल इतकं भांडवल जमेपर्यंत थांबा. गाळा पुन्हा मिळतो. बाजारात एकदा गेलेला शब्द परत मिळवायला मात्र फार वर्षं लागतात.