पडद्यावर 34, चाकात शून्य

मोटरहोमच्या मागे ओढत नेलेल्या गाडीचा टायर फाटला, तर पुढे बसलेल्यांना कळत नाही. आमच्या 36 फुटी डिझेल धुडाला मागची गाडी चार चाकांवर येतेय की तीन, याने काही फरक पडत नाही. ‘मला लगेच जाणवेल’ म्हणणारे एक तरी गृहस्थ दर कॅम्पग्राउंडवर भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

मागच्या गाडीत टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी कंपनीचीच यंत्रणा असते की, असंही कोणी म्हणतं. असते. फोर्ड एक्स्प्लोररवरचे फायरस्टोनचे टायर फाटण्याचं प्रकरण गाजल्यावर अमेरिकेत 2000 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून 10,000 पौंडांपर्यंतच्या जवळपास सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. पण तिचा दिवा लागतो त्या गाडीच्या डॅशबोर्डवर, आणि ओढत नेताना तिथे कोणी बसलेलं नसतं. शिवाय हवा 25 टक्के उतरली की तो लागला पाहिजे, एवढीच कायद्याची अट. आमच्यासारखं मोठं मोटरहोम तर वजनामुळे कायद्याच्या बाहेरच. म्हणजे सहा चाकं इथली आणि चार मागची, दहाही चाकांची काळजी आपली आपणच वाहायची.

म्हणून दहा सेन्सरचा संच घेतला. दुकानात प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं नवऱ्याला मिळत होती. गाडीच्या मागच्या चाकांपासून आमच्या डॅशबोर्डपर्यंत 50 फुटांहून जास्त अंतर, मध्ये सगळं लोखंड आणि शेपटाकडे इंजिन. तिथून सिग्नल पोचेल का, हे मी दोनदा विचारलं. त्यावर दुकानदार नवऱ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘सर, वायरलेस आहे ना!’ हे वाक्य मी विसरणार नाही.

फ्लॅगस्टाफहून आय-40 ने नीडल्सकडे उतरत होतो. किंगमन मागे पडलं आणि एक ट्रकवाला शेजारी येऊन भोंगा वाजवत हाताने मागे दाखवायला लागला. मी संचाच्या पडद्याकडे पाहिलं. गाडीच्या मागच्या डाव्या चाकासमोर हिरव्या आकड्यांत 34 पीएसआय. बाकीची नऊ चाकंही हिरवी. तरी पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो.

टायर नव्हताच. रिमला तारा आणि रबराच्या चिंध्या लोंबत होत्या, चाकावरचं प्लास्टिक फाटून खाली घासत होतं, जळका वास येत होता. व्हॉल्व्ह उपटून गेला होता आणि त्यावरचा सेन्सरही. मी परत वर चढले, तर पडद्यावर अजून 34, हिरवेच. जो सेन्सर मागे वाळवंटात कुठेतरी पडला होता, त्याचा आकडा हा पडदा मला छातीठोकपणे दाखवत होता. सिग्नल कधीच तुटला होता. यंत्राने शेवटचा आकडा धरून ठेवला होता आणि तो जुना आहे हे सांगायची त्याला गरज वाटली नव्हती. टायर फुटतात, त्याचं मला एवढं काही नाही. पण या खोट्या हिरव्या रंगाची चीड अजून जात नाही.

संचाच्या कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने आधी विचारलं, ‘पडदा बंद करून पुन्हा चालू केला होता का?’ मग म्हणाला, सेन्सर पाठवा, तपासून सांगतो. कुठून पाठवणार? लांब गाडीसाठी रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा डबा, ‘सुचवलेला’ आहे, असं पुस्तिकेत आहे म्हणे. तो वेगळा विकतात. दुकानात नेमका हाच प्रश्न विचारला होता, हे सांगितल्यावर त्याने मला ‘सर आहेत का’ असं विचारलं. पैसे परत नाहीत, टायरचे नाहीत, फाटलेल्या प्लास्टिकचे तर नाहीतच.

तेव्हा घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो असा: सिग्नल तुटला तर पडद्यावर काय दिसतं? रेघा दिसत असतील, गजर होत असेल, तर पुढचं बोला. दुकानदाराला माहीत नसेल तर उठा. घरी आणल्यावर खात्री करायची सोपी रीत आहे. मागची गाडी सोडून ठेवा, मोटरहोम एकटं पाच-सात मैल लांब न्या, थोडा वेळ थांबा आणि बघा, मागच्या चाकांबद्दल पडदा काय म्हणतो ते. नंतर गाडी जोडून, इंजिन चालू ठेवून, तिच्या मागच्या चाकाचा सेन्सर काढायला कोणाला तरी सांगा. गजर लगेच व्हायला हवा. आम्ही आता रिपीटर मोटरहोमच्या मागच्या टोकाला बसवलाय, त्याला 12 व्होल्टची कायमची वायर दिलीय.

संच किती दाबापर्यंत वाचतो तेही बघा. साध्या गाड्यांसाठीचे स्वस्त संच मोटरहोमच्या 100 पीएसआयच्या टायरला पुरत नाहीत. प्रत्येक आसाचा आकडा वेगळा भरता आला पाहिजे. हा आकडा सकाळी, निघण्याआधी, टायर थंड असताना भरायचा. 100 पीएसआयच्या टायरमध्ये दर 10 अंश फॅरनहाइटला साधारण 2 पीएसआयचा फरक पडतो. फ्लॅगस्टाफच्या सात हजार फुटांवरच्या गारठ्यातून दुपारी नीडल्सच्या भट्टीत उतरलात की आकडे चढणारच. घाबरून तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

रबरी व्हॉल्व्हवर सेन्सरचं वजन लटकवू नका, धातूचे बसवून घ्या. हवा भरताना काढावा न लागणारा सेन्सर सोयीचा, पण लांब आणि जड असतो. मागच्या जोडचाकातल्या आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचवून टोपी काढायची कसरत एकदा करून बघा, मग काय ते ठरवा. बॅटरी आपली आपल्याला बदलता आली पाहिजे, नाहीतर दर काही वर्षांनी अख्खा सेन्सर विकत घ्यायचा. टायरवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, तेही वाचून ठेवा. पावती जपा. पुस्तिका वाचा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

आणि बायकांनो, उत्तर तुमच्याकडे बघून मिळेपर्यंत क्रेडिट कार्ड पर्समधून काढू नका. लांब गाडीच्या संचात रिपीटर नसेल, तर ते खोकं दुकानातच राहू द्या.