खात्यातून पैसे गेले, तर पहिल्या तासात काय कराल?

दुकानाचे कुलूप तुटलेले दिसले तर आपण काय करतो? शेजाऱ्यांना हाक मारतो, पोलिसांना कळवितो आणि ते येईपर्यंत गल्ल्याला हात लावीत नाही. हे कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु आजचा गल्ला बँकेच्या खात्यात आणि मोबाईलमध्ये असतो. तेथे चोरी झाली की साकीनाक्याचा कारखानदार असो वा जोगेश्वरीचा फर्निचरवाला, तो गोंधळतो, लाजतो आणि "उद्या बँकेत जाऊन बघू" म्हणतो. हा "उद्या"च महागात पडतो.

मुलुंडचे उदाहरण

मे २०१३ मध्ये आरपीजी उद्योगसमूहाच्या मुलुंड येथील बँक शाखेतील चालू खात्यातून सुमारे २ कोटी ४० लाख रुपये अवघ्या तीन तासांत आरटीजीएसने बाहेर गेले. कार्यालयात आलेल्या एका ई-मेलमधून छुपा प्रोग्रॅम संगणकात शिरला आणि त्याने खात्याचा पासवर्ड चोरांना पोचविला असावा, असा पोलिसांचा कयास होता. पैसे दक्षिणेतील निरनिराळ्या शहरांतील खात्यांत विखुरले. ती खाती बंद करण्यात आली, पण तोवर काही रक्कम रोखीने काढली गेली होती.

एवढ्या मोठ्या समूहाचे असे झाले, मग लहान व्यापाऱ्याचे काय? डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतील एका कापड व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले आणि त्यांचे सिम बंद पडले. चोरांनी त्यांच्याच क्रमांकाचे नवे सिम मिळविले होते. सर्व ओटीपी चोरांकडे गेले आणि २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये गेले. त्यांतील सुमारे २० लाखच वाचविता आले.

दोन्ही प्रकरणांचा धडा एकच. चोरीचा पैसा एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तो पुढे पुढे सरकतो आणि शेवटी रोख होतो. रोख होण्यापूर्वी तो अडविता आला तरच परत मिळण्याची आशा.

तातडीने करावयाची कामे

१. बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन करून खाते, कार्ड व यूपीआय बंद करण्यास सांगावे. तक्रार क्रमांक व वेळ वहीत लिहावी. बँकेचा फोन क्रमांक पासबुकावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधलेला क्रमांक चोरांचाच असू शकतो.

२. लगेच १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावावा. तेथील नोंद संबंधित बँकांकडे जाते आणि पैसा जेथे पोचला असेल तेथे तो रोखण्याचा प्रयत्न होतो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम व वेळ हाताशी ठेवावी.

३. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. मुंबई पोलिसांच्या पाचही प्रादेशिक विभागांसाठी सायबर पोलीस ठाणी आहेत.

४. मेसेज, ई-मेल पुसू नयेत. फोन "साफ" करून घेऊ नये. तोच पुरावा आहे.

५. सिम अचानक बंद पडल्यास नेटवर्कची वाट न पाहता दुसऱ्या फोनवरून मोबाईल कंपनीला व बँकेला कळवावे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व दिले होते. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकरणी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास त्याच्यावर भार नाही. ओटीपी सांगण्यासारखी चूक ग्राहकाचीच असेल, तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. आपल्या बँकेचा आजचा नियम विचारून ठेवावा.

संगणक अडकला तर

२७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या एका व्हायरसने न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलची संगणकयंत्रणा बंद पाडली आणि मालाची ये-जा खोळंबली. दुकानातील संगणकावर असे काही दिसताच त्याची नेटची वायर काढावी व वाय-फाय बंद करावे, म्हणजे रोग शेजारच्या संगणकाला लागणार नाही. खंडणी देऊन फाइली परत मिळतीलच याची हमी नसते. त्यासाठी हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. कंपनी असल्यास एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवावी लागते.

आणखी एक सावधगिरी. माल देणाऱ्याचा "आमचे बँक खाते बदलले" असा मेल आला, तर जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

नोकरावर ओरडू नका

बहुतेक वेळा चुकीचे बटण मुनीम किंवा काउंटरवरचा मुलगा दाबतो. त्याला कामावरून काढण्याची धमकी दिली, तर तो पुढच्या वेळी दोन दिवस गप्प बसेल आणि तेच दोन दिवस चोरांच्या उपयोगी पडतील. "चूक झाली तर पहिल्या मिनिटाला मला सांग, मी रागावणार नाही," असे त्याला आजच सांगावे आणि तो शब्द पाळावा.

व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की, एका पुठ्ठ्यावर बँकेचा क्रमांक, १९३० आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्याशेजारी लावावा. हे काम पाच मिनिटांचे आहे. आजच दुकान बंद करण्यापूर्वी ते उरकावे.