विज्ञानकथाविश्वातील प्रमाणसंहिता : निर्णय कोणाचा?

साहित्यविचारात ‘कॅनन’ ही संज्ञा आपणांस अभिजात कृतींच्या संदर्भात परिचित आहे. तेथे प्रश्न वाङ्मयीन मूल्याचा असतो. अनेक लेखकांनी मिळून उभारलेल्या विज्ञानकथाविश्वात मात्र तिचा अर्थ बदलतो. त्या काल्पनिक जगात ‘खरोखर घडले’ असे कोणत्या कृतींच्या आधारे मानावयाचे, एवढेच ती सांगते. कृती सरस की नीरस, याचा तेथे संबंध नाही. उत्तरपत्रिकांत हे दोन अर्थ सर्रास एकमेकांत मिसळलेले आढळतात.

‘स्टार वॉर्स’चे उदाहरण घेऊ. १९७७ च्या पहिल्या चित्रपटानंतर या विश्वावर कादंबऱ्या व कॉमिक्स यांची मोठी परंपरा निर्माण झाली. टिमथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत थ्रॉन हा धूर्त सेनानी उभा केला. १९९९ च्या ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये च्युबाका हे लाडके पात्र मरण पावले. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म ही संस्था विकत घेतली. नवे चित्रपट काढावयाचे, तर ज्या कालखंडावर कादंबऱ्यांनी आधीच कथा रचल्या होत्या तो मोकळा हवा होता. एप्रिल २०१४ मध्ये घोषणा झाली : तोवरचे सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ प्रमाण, जुन्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजंड्स’, अर्थात दंतकथा. २०१५ च्या चित्रपटात च्युबाका जिवंत होता!

वीस-बावीस वर्षे त्या कादंबऱ्यांसोबत वाढलेल्या वाचकाने काय करावे? त्याचे वाचन रद्द झाले काय? येथे आपल्या परंपरेतील एक घटना आठवावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पोथ्यांत शिरलेले अपपाठ वगळून मूळ पाठाकडे जाणे हा हेतू होता. २०१४ च्या निर्णयात असा पाठशोध नव्हता. त्या कादंबऱ्या रीतसर परवान्यानेच निघाल्या होत्या. त्यांना ‘प्रक्षिप्त’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूक ठरेल. निर्णयामागे आधार होता तो मालकी हक्काचा, आणि हा हक्क पुढील कथांपुरता चालतो असे माझे मत आहे. वाचकाच्या कपाटातील पुस्तकावर तो चालत नाही.

शिवाय सीमारेषा पक्की राहत नाही. थ्रॉन २०१६ मध्ये ‘रेबेल्स’ या मालिकेतून प्रमाण विश्वात परतला. झान यांनीच २०१७ मध्ये त्याच्यावर नवी कादंबरी लिहिली. जुन्या कादंबरीतील घटना मात्र बाहेरच राहिल्या. ‘स्टार ट्रेक’मध्ये पडद्यावर दिसते तेच प्रमाण, असा सामान्य संकेत आहे. तरी सुलू या पात्राचे ‘हिकारू’ हे नाव प्रथम १९८१ च्या एका कादंबरीत आले आणि १९९१ च्या सहाव्या चित्रपटात पडद्यावर उच्चारले गेले. बोलीतील शब्द प्रमाणभाषेत रुळतो, तसाच हा प्रवास आहे.

स्वाध्याय : ‘अपपाठ’, ‘प्रक्षिप्त’ आणि ‘अप्रमाण’ या तीन संज्ञांतील भेद वरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.