खुब्याचं बिल

सिडनीच्या केलीव्हिलमध्ये खुब्याचा सांधा बदलून घ्यायला शून्य डॉलर लागू शकतात आणि तीस-पस्तीस हजारही. सर्जन तोच असेल, सांधाही एकाच कंपनीचा असेल. फरक तीन गोष्टींनी पडतो. हातात मेडिकेअरचं (सरकारी आरोग्य-विम्याचं) कार्ड आहे का, विमा कोणत्या पायरीचा आहे, आणि खुबा वर्षानुवर्षं झिजत गेला की एका पडण्यात मोडला. पहिल्या दोन गोष्टींची चौकशी आपल्याकडे सगळेच करतात. तिसरीची फारसं कुणी करत नाही, आणि खरा पैसा वाचतो तो तिथेच.

झिजणं आणि मोडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सांध्यावरची कूर्चा झिजते. ते दुखत राहतं, चालताना अडतं, आणि शस्त्रक्रिया ठरवून करता येते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होत जातं, पण दुखत काहीच नाही. मग एके दिवशी बाथरूममध्ये पाय सरकतो, मांडीच्या हाडाची मान मोडते आणि अँब्युलन्स बोलवावी लागते. एकाच माणसाला दोन्ही दुखणी असू शकतात. पण एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही आणि दोन्हींची बिलंही वेगळी येतात. (इथले सगळे डॉलर ऑस्ट्रेलियन आहेत आणि ढोबळ आहेत. ठरवण्यापूर्वी लेखी आकडा मागून घ्या.)

शून्याचा रस्ता

आई-बाबा कायमचे रहिवासी किंवा नागरिक असतील, तर सरकारी रुग्णालयात सांधा, भूल, वॉर्ड आणि तिथली फिजिओथेरपी हे सगळं मेडिकेअरमध्ये येतं. आपल्या भागातून बहुतेकांना वेस्टमीड किंवा ब्लॅकटाउन पडतं. अडचण पैशाची नसते, वेळेची असते. ठरवून करायच्या खुबाबदलाला सहसा तिसरी श्रेणी मिळते, म्हणजे 365 दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी अशी अपेक्षा असते. हे दिवस कधीपासून मोजतात, ते मात्र नीट समजून घ्या. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) रेफरल लिहिलं म्हणजे घड्याळ सुरू झालं, असं होत नाही. आधी ऑर्थोपेडिक ओपीडीच्या तारखेसाठी थांबायचं, तिथे सर्जनने तपासून भरतीचा फॉर्म भरला की मग यादीत नाव लागतं आणि मोजणी सुरू होते. ओपीडीची ही वाट कित्येकदा यादीइतकीच लांबते. म्हणून वेदना सहन होईनाशा होईपर्यंत रेफरल टाळू नका. यादीत असताना त्रास वाढला, रात्रीची झोप उडाली, जिना चढणं थांबलं, तर जीपीकडून तसं लिहून पाठवता येतं आणि श्रेणीचा फेरविचार होऊ शकतो. आपली माणसं डॉक्टरसमोर ‘तसं बरंय’ म्हणून उठतात, आणि कागदावर तेवढंच उमटतं.

मोडलेल्या खुब्याला यादी नसते. ऑस्ट्रेलियातल्या 2023 च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे, रुग्ण इस्पितळात पोचल्यापासून 36 तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. इथे एका खर्चाकडे लक्ष असू द्या. न्यू साउथ वेल्समध्ये अँब्युलन्स मेडिकेअरमध्ये येत नाही. फेरीचं बिल चारशे डॉलरच्या पुढे जातं, किलोमीटरचे वेगळे. खासगी हॉस्पिटल-विमा असला की आपत्कालीन अँब्युलन्स त्यात येते. पेन्शनर कार्डधारकांनाही बिल येत नाही. दोन्ही नसेल तर फक्त अँब्युलन्सचा विमा स्वस्तात मिळतो, तो घेऊन ठेवा.

खासगी रस्ता

खासगीत ठरवून करायची शस्त्रक्रिया शेजारच्या बेला व्हिस्टामध्ये नॉर्वेस्ट प्रायव्हेटलाही होऊ शकते. पण विम्याच्या कार्डावर कोणती पायरी लिहिली आहे ते आधी बघा. बेसिक, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या चार पायऱ्या 2019 मध्ये आल्या. त्यांतल्या फक्त गोल्डमध्ये सांधेबदल असणं सक्तीचं आहे. काही ‘सिल्व्हर प्लस’ पॉलिसींमध्येही तो असतो, म्हणून पॉलिसीच्या कागदावर ‘जॉइंट रिप्लेसमेंट’समोर काय छापलं आहे ते वाचा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. आधीपासूनच्या दुखण्याला बारा महिने थांबावं लागतं.

विमा असूनही खिशातून किती जातं? पहिला खर्च एक्सेसचा, म्हणजे भरती होताना स्वतः भरायच्या ठरीव रकमेचा. तो एका माणसामागे बहुधा 750 डॉलरपर्यंत असतो. सांध्याचे सुटे भाग सरकारी यादीतले असतील तर विमा कंपनीच भरते. उरतो डॉक्टरांचा गॅप. मेडिकेअर ठरीव फीच्या 75 टक्के देतं आणि विमा 25 टक्के. सर्जनची फी मात्र त्या ठरीव फीच्या कितीतरी पट असू शकते. काही सर्जन विमा कंपनीच्या योजनेत बसून गॅप शून्यावर किंवा पाचशेवर ठेवतात, काही काही हजार मागतात. भूलतज्ज्ञ आणि मदतनीस सर्जन यांची बिलं वेगळी येतात, आणि त्यांचीच आठवण शेवटी होते. म्हणून तिघांचेही आकडे एकाच वेळी लेखी मागा. इथे त्याला ‘इन्फॉर्म्ड फायनान्शियल कन्सेंट’ म्हणतात, आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. महाग सर्जन म्हणजे चांगला सर्जन, हे समीकरण माझ्या तरी पचनी पडत नाही. रेफरलवर एका नावाऐवजी दोन नावं घ्या आणि दोघांकडून कोट आणा.

विमा नसताना सगळं स्वतः भरलं तर पंचवीस हजारांच्या खाली क्वचितच भागतं.

काँट्रिब्युटरी पेरेंट व्हिसावर (143) नुकत्याच आलेल्या आई-बाबांसाठी एक तारीख महत्त्वाची आहे. मेडिकेअरमध्ये नाव नोंदल्यापासून बारा महिन्यांच्या आत हॉस्पिटल-विमा घेतला तर वयामुळे लागणारा अधिभार लागत नाही. हा अधिभार वाढत वाढत 70 टक्क्यांपर्यंत जातो, आणि सत्तरीतल्या माणसाला तो पूर्ण 70 टक्के बसतो. खुबा आधीच कुरकुरत असेल तर हिशेब सोपा आहे. वर्षभराचा गोल्डचा प्रीमियम, म्हणजे तीन-साडेतीन हजार, अधिक एक्सेस, अधिक गॅप. ही रक्कम ओपीडीच्या आणि यादीच्या वाटेसमोर ठेवून बघा. दुखणं फार नसेल तर मी सरकारी यादीच धरीन.

पाहुणे आई-बाबा

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर नाही. ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यकरार ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा मोजक्या देशांशी आहे, भारताशी नाही. सरकारी रुग्णालयातही खाटेचं भाडं दिवसाला हजारांत असतं आणि अँब्युलन्सचंही पूर्ण बिल येतं. पाहुण्यांच्या विम्यात जुना संधिवात सहसा बसत नाही, पण पडून मोडलेलं हाड बसू शकतं. तरीही ‘आधीच ठिसूळ असलेल्या हाडाचं फ्रॅक्चर’ कंपनी कशात धरते, हे विमानात बसण्यापूर्वी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

ठरवून करायची शस्त्रक्रिया त्यांनी पुण्या-मुंबईतच करून यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सत्तरी ओलांडलेल्या भारतीय नागरिकांना 2024 च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचं कवच मिळतं. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत सांधेबदल करतं, तेवढं विचारा. योजनेबाहेर करायचं तर सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा. 2017 मध्ये भारत सरकारने किमतीला कमाल मर्यादा घातली ती गुडघ्याच्या सांध्यांना, खुब्याच्या नाही.

आणि सांध्याच्या खोक्यावरचा स्टिकर मागून घ्या. इथे त्याची नोंद आपोआप होते, कारण 1999 पासून ऑस्ट्रेलियात सांधेबदलाची राष्ट्रीय रजिस्ट्री आहे. डिप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा लवकर बिघडतो, हे या रजिस्ट्रीच्या आकड्यांत लवकर दिसलं. 2009 च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून गेला. जगभरातून परत बोलावला गेला तो 2010 च्या ऑगस्टमध्ये. भारतात तो बसवलेल्या रुग्णांना शोधून काढणं आणि भरपाई मिळवून देणं याला पुढे कित्येक वर्षं लागली. आपल्या शरीरात काय बसवलं आहे याचा कागद घरात असावा, तो एवढ्यासाठी. चांगल्या खुब्यांचं रजिस्ट्रीतलं चित्र दिलासा देणारं आहे. दहा वर्षांत शंभरातले पाचाहून कमी पुन्हा उघडावे लागतात.

सांधा सिमेंटने बसवायचा की त्याशिवाय, या प्रश्नावरही संशोधनाचं उत्तर आहे. ‘सिमेंटशिवायचा’ सांधा आधुनिक म्हणून भारतात जास्त किमतीला सुचवला जातो. तरुण, घट्ट हाडात तो छान बसतो. पण 2022 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत, खुबा मोडलेल्या साठीपुढच्या रुग्णांमध्ये सिमेंट वापरून बसवलेला अर्धा सांधा सरस ठरला. चार महिन्यांनी त्या रुग्णांचं जगणं थोडं अधिक सुसह्य होतं, आणि सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण कमी होतं. पंचाहत्तरीपुढच्यांबाबत ऑस्ट्रेलियन रजिस्ट्रीचा कलही सिमेंटकडेच आहे. म्हणजे म्हाताऱ्या हाडासाठी जास्त पैसे मोजून कमी सोयीचा पर्याय घेतला जाऊ शकतो. सर्जनला थेट विचारा.

सगळ्यात स्वस्त ओळ

आता हाडांचा हिशेब. न्यू साउथ वेल्समधल्याच डबो गावात 1989 पासून साठीपुढच्या रहिवाशांचा अभ्यास चालू आहे. सिडनीची गार्व्हन संस्था तो करते. त्यातून दिसलं की किरकोळ पडण्याने एकदा हाड मोडलं की दुसरं मोडण्याचा धोका बायकांमध्ये सुमारे दुप्पट होतो आणि पुरुषांमध्ये तिपटीहून जास्त. बाबांचं मनगट मोडलं तर ‘पाय घसरला, बाकी काही नाही’ म्हणून प्लास्टर घालून विषय संपतो. तो तिथे संपवायचा नसतो. सिडनीच्याच काँकर्ड रुग्णालयाने असे रुग्ण शोधून त्यांच्या हाडांवर उपचार आणि पाठपुरावा केला. चार वर्षांत त्यांच्यातल्या 4.1 टक्क्यांचं हाड पुन्हा मोडलं. ज्यांनी फक्त आपल्या जीपीकडे दाखवलं त्यांच्यात हे प्रमाण 19.7 टक्के होतं.

उपचारही जुने आणि खात्रीचे आहेत. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्या 2,127 रुग्णांवर 2007 मध्ये झोलेड्रॉनिक आम्लाची चाचणी झाली. हे औषध वर्षातून एकदा शिरेतून देतात. नवी फ्रॅक्चर्स 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. तरी खुबा दुरुस्त करून घरी आलेल्या कितीतरी आज्यांच्या हातात वेदनाशामक आणि कॅल्शियम एवढंच असतं.

खर्च बघा. सत्तरीपुढे हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन मेडिकेअरमध्ये येतो. त्याखालच्या वयात किरकोळ पडण्याने फ्रॅक्चर झालेलं असेल, स्टिरॉइड बराच काळ चालू असेल, पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, तर तेव्हाही येतो. एरवी शंभर-दीडशे डॉलर. बुकिंग करताना ‘बल्क बिल करता का’, म्हणजे आपल्याकडून वेगळे पैसे न घेता, हे विचारा. औषधांसाठी पीबीएसमध्ये (सरकारी औषध-सवलत योजनेत) जास्तीत जास्त 25 डॉलर प्रत्येक वेळी (2026 पासून), सवलत-कार्ड असेल तर 7.70. ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी दोन महिन्यांची एकत्र लिहून देता येते, म्हणजे वर्षाला फार तर दीडशे. डेनोसुमॅबची सहा महिन्यांची सुई वर्षाला पन्नास. झोलेड्रॉनिक आम्लाचे पंचवीस, अधिक शिरेतून देण्याचं शुल्क असेल तर ते. पीबीएसचा दर मिळायला सत्तरीपुढे टी-स्कोअर (स्कॅनमधला घनतेचा आकडा) उणे 2.5 किंवा त्याहून खाली लागतो, किंवा कोणत्याही वयात किरकोळ पडण्याचं फ्रॅक्चर. ते फ्रॅक्चर भारतात झालं असेल तरी चालतं, फक्त एक्स-रे किंवा रिपोर्ट हवा. नाशिकच्या कपाटातला तो पिवळा लिफाफा आणवून घ्या.

डेनोसुमॅबच्या बाबतीत आपल्या घरांना एक खास धोका आहे. सुई थांबली की हाडाची झीज उसळून येते, आणि मणक्याची एकापेक्षा जास्त फ्रॅक्चर्स होऊ शकतात. आई केलीव्हिलला सुई घेते, मग गावाला जाते, तिथला मुक्काम लांबतो आणि तारीख टळते. फार तर महिनाभर उशीर चालेल. वर्षाचे काही महिने इथे आणि काही तिथे असणाऱ्यांनी डॉक्टरला पहिल्याच भेटीत तसं सांगावं. मूत्रपिंडं ठीक असतील तर वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक आम्ल त्यांना सोयीचं पडतं. कोणतंही औषध सुरू करण्यापूर्वी व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आपल्या सावळ्या कातडीला ती तपासणी मेडिकेअरमध्ये मिळते. दात काढायचे असतील तर तेही आधीच उरकून घ्या.

घर

केलीव्हिलची घरं दुमजली, झोपायच्या खोल्या वर. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे पलंग खाली आणा आणि संडासावर उंच बैठक बसवा. तिची, वॉकरची आणि काठीची किंमत दोन-तीनशेच्या आत बसते, शिवाय रुग्णालयाकडून भाड्याने किंवा उसनेही मिळतात. सर्जन परवानगी देईपर्यंत मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. देवघर जमिनीवर असेल तर ते टेबलावर घ्या. घरी आल्यावरच्या फिजिओसाठी जीपीने योजना लिहिली तर वर्षाला पाच भेटींचा काही भाग मेडिकेअर देतं, पण प्रत्येक भेटीमागे चाळीस-साठ डॉलर तरी आपले जातात. इंग्रजी अडत असेल तर डॉक्टरच्या खोलीत फोनवरून दुभाषा मागा. टीआयएस नॅशनलची ती सेवा खासगी डॉक्टरांना मेडिकेअरच्या भेटींसाठी मोफत आहे. नातवाला दुभाषा करू नका, आजी त्याच्यासमोर निम्मं दुखणं गिळते.

भारतात जाण्याचं तिकीट शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याशिवाय काढू नका. लांबच्या विमानप्रवासाला बहुतेक सर्जन सहा आठवडे ते तीन महिने थांबायला सांगतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. तिकीट बदलण्याचे पैसे आरोग्य-विमा देत नाही.