करिंथची शर्यत आणि यरुशलेमची वर्गणी

वाचनासाठी उतारे : १ करिंथ ९:२४-२७, १ करिंथ १६:१-४, २ करिंथ ८:१०-२१, याकोब १:२७

शहरातील रस्त्यावर पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत भरवावी, धावणाऱ्यांकडून व त्यांच्या स्नेह्यांकडून निधी गोळा करावा आणि तो परदेशातील अनाथ मुलांसाठी पाठवावा, अशी सूचना तरुण संघाच्या बैठकीत आली म्हणजे मंडळीत सहसा दोन तट पडतात. तरुणांना ती उत्साहाची वाटते. वडीलधाऱ्यांपैकी काहींना ती थिल्लर वाटते. दानासाठी धावावे कशाला, दानपेटी आहेच की, असे ते म्हणतात. पाश्चात्त्य देशांतील मंडळ्यांना असल्या शर्यती फार दिवसांपासून परिचित आहेत, आणि २००४ साली मुंबईची वार्षिक मॅरेथॉन सुरू झाल्यापासून आपल्याकडेही त्यांचे नावीन्य उरलेले नाही. तेव्हा प्रश्न शर्यत भरवावी की नाही एवढाच नाही. ती भरवल्यावर आपण कोणाला, कशाबद्दल जबाबदार होतो, हा खरा प्रश्न आहे. त्या दृष्टीने पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांकडे पाहू या.

पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल शर्यतीचे उदाहरण देतो. धावतात सर्व, परंतु बक्षीस एकालाच मिळते, याची तो वाचकांना आठवण करून देतो. हे उदाहरण त्याने सहज घेतलेले नाही. करिंथ शहरालगत दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत असत. पौल त्या नगरात दीड वर्ष राहिला होता (प्रे. कृ. १८:११), आणि त्या अवधीत एकदा तरी हे खेळ झाले असावेत, असे अभ्यासक मानतात. तेथे जिंकणाऱ्याच्या मस्तकावर पाइन वृक्षाच्या डहाळ्यांचा किंवा अजमोद्याच्या जातीतील एका वाळक्या भाजीचा मुकुट ठेवीत. नाश पावणाऱ्या मुकुटाविषयी पौल लिहितो तेव्हा करिंथकरांच्या डोळ्यांपुढे हीच वाळकी पाने उभी राहिली असतील.

याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात तोच पौल वर्गणीचा विषय काढतो. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, असे तो सांगतो. ज्यांच्यासाठी हा पैसा जायचा होता, ते समुद्रापलीकडील, वेगळ्या भाषेचे व वेगळ्या रीतीचे लोक होते. बहुतेक करिंथकर त्यांना कधीच भेटणार नव्हते. म्हणजे परदेशातील गरजवंतांसाठी निधी जमवण्याचा आरंभीच्या मंडळीतील हा ठळक प्रसंग आहे, आणि तो ज्या पत्रात आहे त्याच पत्रात शर्यतीचे उदाहरणही आहे.

पुढे काय झाले ते दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात दिसते. करिंथकरांनी एक वर्षापूर्वी मोठ्या उत्साहाने काम आरंभले होते. ते आता पुरेही करा, असे पौलाला लिहावे लागले. घोषणा झाली होती, पैसा मात्र पोहोचला नव्हता. आपल्या मंडळ्यांच्या कामकाजाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही.

याच अध्यायात पौल आणखी एक गोष्ट करतो. ती सामान्यतः उपदेशात येत नाही, कारण ती हिशेबाची आहे. एवढी मोठी रक्कम आपण हाताळत असता कोणी आपल्याला दोष लावू नये, म्हणून तो एकटा ती नेत नाही. तीताबरोबर तो मंडळ्यांनी निवडलेल्या बंधूला पाठवतो. जे योग्य आहे ते प्रभूच्या दृष्टीने तसे असणे त्याला पुरत नाही, ते माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे असे तो म्हणतो. प्रेषितांची कृत्ये २०:४ येथे लूक पौलाच्या सोबत्यांची नावे देतो: सोपत्र, अरिस्तार्ख, सकुंद, गायस, तीमथ्य, तुखिक आणि त्रफिम. हे वेगवेगळ्या मंडळ्यांचे वर्गणी पोहोचवणारे प्रतिनिधी असावेत, असे पुष्कळ टीकाकार मानतात. (या यादीत करिंथचा कोणी नाही, हे अनेकांनी नमूद केले आहे. तथापि रोम १५:२६ वरून अखयाच्या लोकांनी आपला वाटा दिला, हे कळते.) प्रेषिताने स्वतःवर सात साक्षीदार नेमून घेतले, तर आपल्या शर्यतीच्या खजिनदाराला एक सहकारी दिल्याने त्याचा अपमान होण्याचे कारण नाही.

आता आधुनिक काळातील एक मोठे उदाहरण पाहू. रविवार, २५ मे १९८६ रोजी ‘स्पोर्ट एड’ या उपक्रमात ८९ देशांतील अंदाजे दोन कोटी माणसे दुष्काळग्रस्त आफ्रिकेसाठी धावली. सुदानचा धावपटू उमर खलिफा सुदानमधील एका मदत छावणीतून मशाल घेऊन निघाला होता. युरोपच्या राजधान्यांतून तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीपाशी पोहोचला, कारण त्याच आठवड्यात आफ्रिकेच्या प्रश्नावर तेथे खास अधिवेशन भरणार होते. जमलेला निधी युनिसेफ व ‘बँड एड’ यांच्याकडे गेला. योगायोग असा की, त्याच दिवशी अमेरिकेत आणखी एक भव्य कार्यक्रम झाला. देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत लोकांनी हातात हात धरून साखळी करावी आणि त्यातून स्वदेशातील भुकेल्या व बेघर लोकांसाठी पैसा उभा राहावा, अशी ती कल्पना होती. तीन कोटी चाळीस लाख डॉलर जमले. पण व्यवस्थेचा खर्च वजा जाता गरजूंना वाटण्यासाठी सुमारे दीड कोटी राहिले. येथे कोणी पैसे खाल्ले असे नव्हे. भव्यतेला खर्च लागतो, एवढेच.

लहान शर्यतीत हीच गोष्ट अधिक लवकर घडते. समजा, ३०० जण धावणार आहेत आणि प्रत्येकाची प्रवेश फी ३०० रुपये आहे. जमले ९०,०००. छापील टी-शर्टला प्रत्येकी २०० रुपये, पदकाला ६०, पाणी व अल्पोपाहाराला ४०, असे धरले तर ९०,००० तेथेच संपतात. फलक, ध्वनिक्षेपक व रुग्णवाहिका यांचा खर्च अजून राहिलाच आहे! शर्यत रंगली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि ज्या मुलांच्या नावाने सर्व झाले, त्यांच्या वाट्याला खजिनदाराची दिलगिरी आली. म्हणून प्रवेश फीकडे निधी म्हणून पाहू नये. ती लहान ठेवावी आणि तिच्यातून केवळ व्यवस्था भागवावी. निधी यावा तो पुरस्कर्त्यांकडून. प्रत्येक धावणाऱ्याने पाच ओळखीची माणसे शोधावी व त्यांनी दर किलोमीटरला २० रुपये देण्याचे लेखी कबूल करावे. पाच किलोमीटरच्या शर्यतीत एकेकामागे ५०० रुपये, तीनशे जणांमागे दीड लाख होतात. टी-शर्ट व पदके गाळावीत. वाळक्या पानांच्या मुकुटावर करिंथचे धावपटू संतुष्ट होते. आपल्या मुलांना कागदी प्रशस्तिपत्र चालेल.

रस्त्यावरील व्यवस्थेविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. पोलिसांची व नगरपालिकेची लेखी परवानगी, प्रत्येक वळणावर स्वयंसेवक, सुमारे दर दोन किलोमीटरला पाणी, डॉक्टर व रुग्णवाहिका, आणि उन्हे चढण्यापूर्वी समाप्ती, एवढे तरी असलेच पाहिजे. मंडळीसाठी त्यात एक अडचण वेगळी आहे. रस्ते मोकळे मिळतात ते रविवारी सकाळी, आणि ती तर उपासनेची वेळ.

या संदर्भात एरिक लिडेल यांचे नाव निघतेच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी असल्याने ते त्या धावले नाहीत आणि ४०० मीटरमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांचा उत्तरकाल तितकासा ठाऊक नसतो. चीनमध्ये मिशनरी असताना १९४३ साली जपान्यांनी त्यांना वेइशियेन येथील छावणीत स्थानबद्ध केले. एका मिशन शाळेची पुष्कळ मुले तेथे आईवडिलांवाचून अडकली होती. लिडेल त्यांना शिकवीत व त्यांचे खेळ घेत, मात्र रविवारी खेळ घेत नसत. पण पंचावाचून मुलांचा रविवारचा खेळ भांडणात संपू लागला, तेव्हा त्यांनी रविवारीही पंचाचे काम पत्करले. स्वतःच्या सन्मानासाठी जो नियम त्यांनी मोडला नाही, तो पोरक्या झालेल्या मुलांसाठी शिथिल केला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्या छावणीतच ते वारले. त्यांच्या तीन मुली कॅनडात होत्या, आणि त्यांतील धाकटीला त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. या उदाहरणावरून रविवारी शर्यत भरवावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. शनिवार मिळत असेल तर शनिवारच घ्यावा. मात्र हा निर्णय कोणासाठी घेत आहोत, ते बैठकीत एकदा मोठ्याने बोलले जावे.

यानंतरचा विषय सर्वांत अवघड आहे. पैसा कोणाला पाठवावयाचा? अनाथ म्हटले की आपल्या मनात आई आणि बाप दोघेही नसलेले मूल येते. युनिसेफच्या गणनेत मात्र दोहोंपैकी एकजण गेला तरी ते मूल अनाथ धरले जाते. २०१५ च्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती. दोन्ही पालक गमावलेली त्यांतील सुमारे १ कोटी ५१ लाख. संस्थांत राहणाऱ्या मुलांविषयी ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ने २००९ साली असे मांडले की, पाचांपैकी किमान चौघांची आई किंवा बाप किंवा दोघेही हयात असतात. ती मुले दारिद्र्यामुळे, शाळेच्या आशेने किंवा दलालाच्या शब्दावर तेथे आलेली असतात.

आपल्या शेजारच्या नेपाळात हे उघड दिसले. तेथील बालगृहे बहुसंख्येने काठमांडू खोरे, पोखरा व चितवन या पर्यटकांच्या वाटेवर आहेत. दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांत, जेथून मुले आणली जातात, तेथे ती फारशी नाहीत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारने पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली. बेकायदा वाहतुकीपासून किंवा विनाकारण बालगृहात जाण्यापासून किमान २४५ मुलांना वाचवल्याचे युनिसेफने त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केले. परदेशातून सद्भावनेने आलेला पैसा जर खाटांच्या संख्येवर मिळत असेल, तर खाटा भरण्यासाठी मुले शोधली जातात. अनाथांचा समाचार घ्यावा असे याकोब सांगतो. अनाथ निर्माण करावे असे तो सांगत नाही. आणि त्या वचनात तो अनाथांच्या शेजारी विधवांना बसवतो, हे आपण वाचून पुढे जातो. मुलाची आई जिवंत असेल तर आईसह त्याचा समाचार घेणे हाच त्या वचनाचा सरळ अर्थ आहे.

म्हणून पैसा स्वीकारणाऱ्या संस्थेस आपण पत्र लिहून काही विचारलेच पाहिजे. तुमच्याकडील किती मुलांचे पालक किंवा आजी-आजोबा हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुले घरी परतली? आमच्या पैशातून एखाद्या आजीला नातवाची शाळा, घरभाडे किंवा दुभती गाय देता येईल का? रुआंडात २०१२ पासून सरकारने अनाथालये टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना कुटुंबांत ठेवण्याचे धोरण हाती घेतले, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. उत्तर टाळणाऱ्या संस्थेस पैसा देऊ नये. शिवाय, आपल्याकडील न्यासाने भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर आयकरातील सूट सर्वसाधारणपणे मिळत नाही, आणि परकीय चलनाचे नियम निराळेच आहेत. शर्यतीची तारीख ठरवण्यापूर्वी सनदी लेखापालास भेटावे. नंतर भेटल्यास तो फक्त हळहळेल.

हे सर्व कोणाला परक्यांच्या घरची चौकशी वाटेल. पण एके काळी परदेशांतील मंडळ्यांच्या दृष्टीने दूरदेशीचे अनाथ आपणच होतो. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याच्या शाखामंडळांनी दहा वर्षे वर्गणी पाठवली. वर्गणीदारांसाठी वार्षिक अहवाल व जमाखर्च छापला जात असे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे दोन हजार जणी होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नियतकालिकाने वाचकांकडून जमवलेला मका ‘क्विटो’ नावाच्या जहाजाने मुंबईला आला, आणि पुढे अनाथ मुलांच्या पालनपोषणासाठीही त्या वाचकांनी पैसा पाठवला. नगर, केडगाव व इतर ठाण्यांवरील ती मुले म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे. त्यांनाही कोणीतरी छायाचित्रांत उभे केले: बरगड्या मोजता येतील अशा स्थितीत, बहुधा नावावाचून. त्या चित्रांनी पैसा जमला हे खरे आहे. आपल्या पणजीचे तसले चित्र आज एखाद्या शहराच्या चौकात फलकावर लागलेले आपल्याला चालेल काय, हेही तितकेच खरेपणाने विचारावे लागेल.

म्हणून अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या घराण्याची सर्वांत जुनी नोंद शोधून आणावी. बाप्तिस्म्याचा दाखला, अनाथालयाच्या नोंदवहीतील ओळीची नक्कल, किंवा आजीच्या तोंडची आठवण, काहीही चालेल. पुष्कळ घरांत ती नोंद नाव, अंदाजे वय आणि एखाद्या गावाच्या नावापाशी थांबते, आणि त्याच्या मागे काय होते ते कोणालाही माहीत नसते. या नोंदी मंडळात मोठ्याने वाचाव्यात. त्यानंतर शर्यतीच्या फलकाचा मजकूर लिहिण्यास बसावे.