विसर पडण्याआधी रक्त काय सांगतं?

आई किंवा वडील अल्झायमरने गेले की पन्नाशीतली मुलं धास्तावून विचारतात, “डॉक्टर, मलाही होणार का? रक्त तपासून कळेल?” प्रश्न रास्त आहे.

आठवणींचं काम चेतापेशी करतात, पण त्यांना सांभाळणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यांतल्या ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या पेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट. चेतापेशींना ऊर्जा पुरवायची, त्यांच्याभोवतीची जादा रसायनं उचलायची, हे त्यांचं काम. अल्झायमरमध्ये विसराळूपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचू लागतं. त्याने या पेशी चेतवल्या जातात आणि त्यांच्यातलं जीएफएपी हे प्रथिन रक्तात वाढू लागतं. 2023 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या हजाराहून अधिक व्यक्तींचं रक्त तपासलं. नुसतं अमायलॉइड साचलेल्यांत नव्हे, तर त्यासोबत जीएफएपीही वाढलेल्यांत टाउ प्रथिनाचा बिघाड, म्हणजे आजाराची पुढची पायरी, दिसली. अमायलॉइड सापडलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. मला हा मोठा दिलासा वाटतो.

तरीही लक्षणं नसताना ही तपासणी करून घेऊ नका. डोक्याला मार लागला, पक्षाघात झाला, तरी जीएफएपी वाढतं. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही, झोप मात्र उडते.

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं या वयात चालायचंच. पण तीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचं ते सुचेना, रोजच्या भाजी मंडईतून घरचा रस्ता सापडेना, तर थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपाय असतात. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावाच. ‘लॅन्सेट’च्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी जी 14 कारणं दिली आहेत, त्यांत बहिरेपणाही आहे.

तपासणीला जाताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या आणि रोज सोबत राहणारं घरचं माणूस बरोबर घ्या. आपण काय विसरतो, हे रुग्णाला बहुधा सांगता येत नाही.