कमी किरणांत स्पष्ट चित्र

‘डॉक्टर, एकदाचा सिटी स्कॅन करूनच टाका,’ असा आग्रह पुष्कळ नातेवाईक धरतात. तपासणी जेवढी मोठी तेवढी चांगली, असा समज त्यामागे असतो. तो तपासण्याआधी चित्र कसे तयार होते, ते पाहू.

प्रकाश असो वा क्ष-किरण, ते पावसाच्या थेंबांसारखे सुट्या कणांनी येतात. भुरभुर पावसात अंगणातल्या एका फरशीवर चार थेंब पडतात, शेजारची कोरडी राहते. जोराच्या सरीत सगळ्या सारख्या भिजतात. चित्राचेही तसेच आहे. एका ठिपक्यावर सरासरी 100 कण पडले तर मोजणीत सुमारे 10 टक्के चढउतार होतो. 10,000 पडले तर 1 टक्का. म्हणजे चित्रातला दाणेदारपणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात, आणि ते रुग्णाच्या शरीरातून जातात. छातीच्या साध्या एक्स-रेत सुमारे 0.1 मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, तर छातीच्या नेहमीच्या सिटी स्कॅनमध्ये सुमारे 7.

यावर उपाय म्हणजे कमी कणांतून संगणकाने चित्र जुळवणे. संगणक शेजारचे ठिपके ताडून पाहतो, किरणांच्या वाटेचे गणित मांडतो आणि चित्र टप्प्याटप्प्याने सुधारतो. मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या एमआयटीतील गटाने 2018 मध्ये प्रकाशाचा एकेक कण टिपणारा कॅमेरा वापरला. दाट धुक्यात माणसाला 36 सेंटीमीटरपर्यंतच दिसत होते. यंत्राने 57 सेंटीमीटरवरची वस्तू ओळखली. क्ष-किरणांचे कण एकेक मोजणाऱ्या सिटी स्कॅनला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली.

मात्र चित्र फार गुळगुळीत केले तर बारीक गाठ पुसली जाण्याचा धोका असतो. मूतखडा कमी किरणांतही चांगला दिसतो. यकृतातील लहान गाठीला जास्त किरण लागू शकतात. म्हणून किरणांचे प्रमाण तज्ज्ञांनीच ठरवावे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

1. उदगीरहून लातूर-नांदेडला दाखवायला जाताना जुन्या फिल्म, सीडी व रिपोर्ट सोबत न्यावेत. तीच तपासणी पुन्हा करणे अनेकदा टळते.

2. गर्भ असल्यास किंवा तशी शंका असल्यास तपासणीपूर्वीच सांगावे.

3. लहान मुलांसाठी किरण कमी ठेवले आहेत ना, हे विचारावे. सोनोग्राफीने भागेल का, हेही विचारावे. तीत क्ष-किरण नसतात.

4. डोक्याला मार, अर्धांगवायूचा झटका अशा वेळी डॉक्टरांनी स्कॅन सांगितल्यास किरणांच्या भीतीने वेळ दवडू नये. तेथे उशिराचा धोका किरणांपेक्षा कितीतरी मोठा असतो.